रिव्हॉल्व्हर कुणी शोधलं, हा प्रश्न मी का सोडला

पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीनं परवा मला विचारलं, "ताई, आपला संशोधनाचा प्रश्न चुकीचा आहे हे कळतं कसं?" मी पटकन काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. खरं उत्तर द्यायचं तर माझीच फजिती सांगावी लागते. ती इथे सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहीत आहेत आणि हीच चूक करायच्या बेतात असतील.

माझा विषय एकोणिसाव्या शतकातली शस्त्रं आणि पेटंटं. पहिल्या सिनॉप्सिसला मी शीर्षक दिलं होतं 'रिव्हॉल्व्हरचा शोध : एक ऐतिहासिक अभ्यास'. समितीसमोर उभी राहिले. एका ज्येष्ठ सदस्यांनी 'शोध' या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि विचारलं, "काय शोधलं?" मी म्हणाले, "सर, सॅम्युअल कोल्टनं, १८३६ साली..." ते म्हणाले, "कुणी आणि कधी ते नाही विचारलं. काय शोधलं ते विचारतोय." माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आला आणि पुढचे सहा महिने मी त्या एका 'काय'च्या मागे होते.

आपल्या भाषेचाही यात थोडा हात आहे. मराठीत कोलंबसानं लावला तोही शोध, टेलिफोनचा लागला तोही शोध आणि हरवलेल्या चपलेचा घेतात तोही शोधच. जणू वस्तू कुठेतरी तयार पडलेली होती आणि कुणाच्या तरी हाताला लागली.

तुम्हीच सांगा, रिव्हॉल्व्हर म्हणजे काय? एक नळी, तिच्यामागे फिरणारं सिलिंडर, त्यात पाच-सहा कप्पे. एकेक कप्पा नळीसमोर येतो आणि बार उडतो. एवढीच व्याख्या असेल तर कोल्टचा नंबर फार मागे लागतो. तोड्याच्या बंदुकीला फिरते कप्पे बसवलेले नमुने युरोपातल्या आणि भारतातल्याही कारागिरांनी केले होते. ते आज संग्रहालयांत बघायला मिळतात. म्हणजे कल्पना जुनी. मग ती इतका काळ हौशी श्रीमंतांच्या शस्त्रागारातच का अडकून पडली? हा प्रश्न विचारला की 'कुणी' मागे पडतं आणि यंत्राचा एकेक भाग बोलायला लागतो.

पहिला अडथळा दारू पेटवण्याचा होता. तोड्याच्या किंवा चकमकीच्या बंदुकीत आतल्या दारूला आग पोचवण्यासाठी बाहेरच्या छोट्या वाटीत बारीक दारू ठेवावी लागे. जुन्या मराठीत तिला रंजक म्हणत. एकच नळी असेल तर ठीक आहे. पण पाच कप्पे फिरवायचे म्हटलं तर पाच वाट्या आल्या, आणि फिरवताना रंजक सांडणार. बरं, एक कप्पा उडताना ठिणगी शेजारच्या रंजकीवर पडली तर न मागितलेला दुसरा बार उडणार, तोही नळीसमोर नसलेल्या कप्प्यातून.

एलिशा कोलिअर या अमेरिकन माणसानं यावर फार कष्ट घेतले. त्याचं इंग्लंडमधलं पेटंट १८१८ चं. त्याच्या चकमकीच्या बंदुकीत प्रत्येक बाराला नवी रंजक आपोआप वाटीत पडायची सोय होती. सिलिंडर स्प्रिंगच्या जोरानं नळीवर दाबून बसायचं, म्हणजे मधल्या फटीतून आग निसटू नये. सिलिंडर आपोआप फिरावं म्हणून त्यानं घड्याळासारखी स्प्रिंगही योजली होती, पण बनवलेल्या बहुतेक नगांत ती नाही. सिलिंडर हातानंच फिरवायचं. आणि गंमत बघा, त्याच १८१८ साली अमेरिकेत आर्टेमस व्हीलर यानं जवळपास याच बंदुकीचं पेटंट घेतलेलं आहे, तर फ्रान्सचं पेटंट कॉर्नेलियस कूलिज या तिसऱ्याच माणसाच्या नावावर आहे. 'पहिला कोण' हा प्रश्न इथेच गुंतायला लागतो.

खरी सुटका झाली रसायनामुळे. अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं १८०७ मध्ये ठोक्यानं पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं. पुढे १८२० नंतरच्या काळात तो मसाला तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरून मिळू लागला, आपल्याकडे जिला केप म्हणतात ती. दिवाळीत टिकल्यांची बंदूक उडवली असेल तर तत्त्व तुमच्या ओळखीचं आहे : ठोका बसला की पेट. प्रत्येक कप्प्यामागे एक पोकळ खुंटी, तिच्यावर एक टोपी घट्ट बसवलेली. आता सिलिंडर कितीही फिरवा, काही सांडत नाही. फिरत्या कप्प्यांची जुनी कल्पना अडली होती ती पेटवणीपाशी, आणि ही अडचण सोडवणाऱ्या फोर्साइथच्या डोक्यात रिव्हॉल्व्हर नव्हतंच. त्याचा त्रास पक्ष्यांच्या शिकारीतला होता. चकमकीचा भपका दिसला की पक्षी उडून जायचा.

मग कोल्टनं केलं काय?

जत्रेतला उभा पाळणा आठवा. पाळणा नुसता फिरून चालत नाही. आपल्यासमोरचा झोपाळा नेमका फळीसमोर थांबायला हवा आणि आपण चढेपर्यंत हलता कामा नये. एक माणूस फिरवतो आणि तोच अडवतो. रिव्हॉल्व्हरमध्ये हे काम करणारा माणूस कोल्टनं घोड्यात बसवला. अंगठ्यानं घोडा मागे ओढला की त्याला जोडलेला एक छोटा पोलादी पंजा सिलिंडरच्या पाठीवरच्या दात्यांना ढकलतो. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये टक्-टक् वाजतात तसले दाते. सिलिंडर एका कप्प्याएवढं फिरतं आणि त्याच क्षणी खालून एक अडसर वर येऊन सिलिंडरच्या खाचेत बसतो. कप्पा नळीच्या रेषेत येऊन पक्का झाला. चाप ओढला की घोडा टोपीवर. फिरवणं, अडवणं आणि घोडा चढवणं ही तीन कामं हाताच्या एकाच हालचालीत आली. शिवाय खुंट्यांच्या मध्ये त्यानं पडद्या ठेवल्या, म्हणजे एका टोपीची आग दुसरीकडे जाऊ नये. इंग्लंडचं पेटंट १८३५ मध्ये आणि अमेरिकेचं २५ फेब्रुवारी १८३६ ला मिळालं.

आता एक आख्यायिका, कारण ती आपल्या देशाला येऊन भिडते. १८३० मध्ये सोळा वर्षांचा कोल्ट बोस्टनहून 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याला आला होता. सांगतात की जहाजाचं सुकाणू-चाक फिरून अडकतं ते बघून त्याला कल्पना सुचली आणि त्यानं वाटेतच लाकडाचा नमुना कोरला. दुसरी बाजू म्हणते, छे, कोलिअरच्या बंदुका ब्रिटिशांच्या हातून भारतात आल्या होत्या, त्यातलीच एखादी पोरानं कलकत्त्यात पाहिली असणार. लाकडी नमुना हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयात आहे. त्यामुळे नमुना होता हे नक्की. कॉर्व्होची सफरही नक्की. पण 'पाहिली असणार' हे वाक्य कुठल्याच कागदावर उभं राहत नाही. मला ही कलकत्त्याची गोष्ट खरी असावी असं फार वाटायचं, आपल्याकडची म्हणून. माझ्या पहिल्या मसुद्यात ती चक्क दोन पानं होती. गाइड मॅडमनी समासात एवढंच लिहिलं : 'शक्य. पुढे?' तेव्हापासून मी माझ्या नोंदवहीत दोन रकाने केले आहेत, एक 'झालं'चा आणि एक 'होऊ शकलं असतं'चा. तुम्हीही करून बघा. दुसरा रकाना किती पटकन भरतो ते बघून घाम फुटतो.

पॅटरसन, न्यू जर्सी इथला कोल्टचा पहिला कारखाना १८३६ ला सुरू झाला आणि १८४२ मध्ये बुडाला. वस्तू चालत होती, पण नाजूक होती. चाप मिटलेला असायचा आणि घोडा चढवल्यावर बाहेर यायचा. सुरुवातीच्या नगांत कप्पे भरायचे तर नळी काढून बंदूक खोलावी लागे. गोळी जागेवर ठासायचा दांडा नळीखाली १८३९ मध्ये आला. घोड्यावर स्वार असलेल्या माणसानं लढाई चालू असताना बंदुकीचे तुकडे हातात धरून बसायचं, ही काय सोय झाली?

हे ज्याला कळत होतं तो सॅम्युअल वॉकर. टेक्सासचा हा घोडदळातला माणूस पॅटरसन वापरून लढलेला होता. मेक्सिकोच्या युद्धात सैन्यासाठी १८४७ मध्ये एक हजार नग मागवले गेले तेव्हा सुधारणा त्यानं सुचवल्या : सहा कप्पे, कायम बाहेर असलेला चाप आणि त्याभोवती कडी, भरायचा दांडा बंदुकीलाच जोडलेला, आणि मोठी गोळी. कोल्टकडे तेव्हा कारखानाही नव्हता. नग एली व्हिटनी धाकट्याच्या कारखान्यात झाले. तयार झालेलं रिव्हॉल्व्हर दोन किलोंहून थोडं जास्त भरलं. आपल्याकडे ते हातात धरायला मिळत नाही, पण दोन किलो साखरेची पिशवी एका हातानं समोर धरून बघा.

वॉकरची मोठी गोळी म्हणजे मोठा कप्पा, मोठा कप्पा म्हणजे जास्त दारू, आणि जास्त दारू म्हणजे सिलिंडर फुटणं. बरीच फुटली. त्या काळचं लोखंड सगळीकडे एकसारखं नव्हतं, आणि भरणारेही सढळ हातानं भरायचे. शिवाय बार उडाला की धक्क्यानं तो भरायचा दांडा सुटून खाली यायचा आणि सिलिंडर अडवून ठेवायचा. सैनिक त्याला चामड्याच्या वादीनं बांधून ठेवत. दुसऱ्याच वर्षीच्या ड्रॅगून नमुन्यात सिलिंडर आखूड झालं आणि दांड्याच्या टोकाला खटका आला. स्वतः वॉकर मात्र ऑक्टोबर १८४७ मध्ये उमान्तला इथे मारला गेला. कोल्टनं पाठवलेली जोडी त्याच्याकडे नुकतीच पोचली होती.

एक सुधारणा दुसरी अडचण कशी उघडी पाडते हे वॉकरच्या रिव्हॉल्व्हरइतकं स्वच्छ मला दुसरीकडे दिसलं नाही. तेव्हा मी प्रश्न बदलला : 'प्रत्येक टप्प्यावर काय अडलं होतं?' हा प्रश्न चांगला होता. अपुरा होता, पण चांगला होता.

त्याच्याच आधारानं लंडनकडे वळू. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात कोल्टनं आपली रिव्हॉल्व्हर भिंतभर मांडली, आणि तिथेच रॉबर्ट अ‍ॅडम्स हा इंग्रज बंदूकवाला त्याच्यासमोर उभा राहिला. दोघांची यंत्रं शेजारी ठेवली की फरक लगेच दिसतो. कोल्टची चौकट वरून उघडी. नळी एका आसावर बसवून आडव्या पाचरीनं पक्की केलेली. अ‍ॅडम्सनं चौकट आणि नळी एकाच तुकड्यातून घडवली, सिलिंडरच्या वरूनही लोखंडाची पट्टी गेलेली. साहजिकच ती जास्त मजबूत. अ‍ॅडम्सच्या घोड्याला अंगठ्यानं ओढायचं टोकच नव्हतं. चाप ओढत राहिलं की घोडा आपोआप चढतो, सिलिंडर फिरतं, बार उडतो. वेग भरपूर, पण चाप जड, म्हणून लांबचा नेम हलतो. कोल्टचा चाप हलका आणि नेम चांगला, पण प्रत्येक बाराला अंगठा वर न्यावा लागतो. बर्मिंगहॅमच्या विल्यम ट्रँटरनं दोन चापांचं रिव्हॉल्व्हर काढलं, एक घोडा चढवायला आणि एक उडवायला. मला ते बघून दोन नळांच्या बेसिनची आठवण होते. चालतं, पण हाताला सवय व्हायला वेळ लागतो.

तोडगा काढला फ्रेडरिक बोमाँट या रॉयल इंजिनिअर्समधल्या लेफ्टनंटनं. तो क्रिमियाच्या युद्धात होता. त्याच्या फेब्रुवारी १८५६ च्या पेटंटमुळे अ‍ॅडम्सचं रिव्हॉल्व्हर दोन्ही पद्धतींनी चालू लागलं : वेळ असेल तर अंगठ्यानं घोडा चढवून नेम धरा, शत्रू अंगावर आला तर नुसता चाप ओढा. ब्रिटिश सैन्यानं हे बोमाँट-अ‍ॅडम्स स्वीकारलं. क्रिमियाच्या काळात सरकारनं हजारोंनी कोल्ट घेतली होती, पण त्याचा लंडनचा कारखाना १८५३ ते १८५६ एवढाच चालला.

इथे एक गोष्ट पुन्हापुन्हा भेटते, आणि ती थेट १८५७ च्या उठावातली आहे. नेमबाजीचा अभिमान असलेला एक इंग्रज अधिकारी. त्याच्यावर तलवार घेऊन धावून आलेला एक धिप्पाड शिपाई. अधिकारी कोल्टच्या छोट्या गोळ्या एकामागून एक छातीत मारतो, एक सोडून सगळ्या लागतात, तरी तो शिपाई येऊन पोचतो आणि अधिकाऱ्याचं डोकं फोडतो. तात्पर्य, अ‍ॅडम्सची जाड गोळी हवी. पुस्तकांमागून पुस्तकांत ही गोष्ट पुरावा म्हणून येते. मी तिचा माग काढत गेले तेव्हा पोचले जॉर्ज फॉस्बेरीपर्यंत. तो भारतात लढलेला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला लष्करी माणूस, पण ही गोष्ट त्यानं सांगितली घटनेनंतर कित्येक दशकांनी, आणि तेव्हा तो स्वतः रिव्हॉल्व्हरची रचना करत होता. अधिकाऱ्याचं नाव नाही, गावाचं नाव नाही. शिपायाचं तर नसणारच. गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण जो माणूस पिस्तुलाबद्दल एक मत मांडायला उभा आहे, त्यानं त्या मतासाठी सांगितलेली गोष्ट १८५७ चा पुरावा ठरत नाही. ती सांगणाऱ्याच्या काळाचा पुरावा आहे. आणि त्या धावून आलेल्या माणसाचं मरण एवढ्यासाठीच नोंदलं गेलं की त्याच्या अंगात किती गोळ्या मावल्या, हेही वाचताना टोचतं. ते टोचू द्यावं, असं माझं मत आहे.

कागदाचं झालं, तसंच वस्तूचंही. नोव्हेंबर १८५१ मध्ये कोल्टनं लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे निबंध वाचला : आपली शस्त्रं यंत्रांवर कशी बनतात. यातून एक समज पसरला की कोल्टचा कुठलाही भाग काढून दुसऱ्या कुठल्याही नगाला लावता येतो. आता त्या काळचं एखादं कोल्ट जवळून बघा, किंवा संग्रहालयांची छायाचित्रं मोठी करून बघा. नळीवर क्रमांक, चौकटीवर तोच, सिलिंडरवर तोच, अगदी पाचरीवरही तोच. कुठलाही भाग कुठेही बसत असेल तर प्रत्येक तुकड्यावर क्रमांक ठोकायची गरज काय? गरज होती, कारण शेवटी कारागीर कानस घेऊन बसायचा आणि त्या नगाचे तुकडे त्याच नगात जुळवायचा. मालक भाषणात एक सांगतो आणि पाचर दुसरं सांगते. मी पाचरीचं ऐकते.

एवढं सगळं जमवून मी खूश होते. काय अडलं, ते कसं सुटलं, पुढे काय अडलं, अशी साखळी तयार झाली होती. मग एक कडी अशी सापडली की जी उलटी फिरते.

मॅसॅच्युसेट्स आर्म्स कंपनी. यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा चढवला की दातेरी चाकांच्या जोडीनं सिलिंडर फिरायचं. कोल्टचा पंजा त्यात नव्हता. पूर्ण वेगळी रचना. १८५१ च्या उन्हाळ्यात कोल्टनं त्यांना बोस्टनच्या न्यायालयात खेचलं. कंपनीचं म्हणणं होतं की कोल्टचं मुळात नवीनच काही नाही, आणि त्यासाठी त्यांनी कोलिअरची बंदूक पुढे केली. कोल्टच्या बाजूनं सांगितलं गेलं की कोलिअरचं सिलिंडर हातानं फिरवतात. घोडा चढवण्याच्या हालचालीनंच सिलिंडर फिरवून अडवणं, हा मेळ कोल्टचा, मग तो पंजानं साधा की चाकांनी. ज्युरीनं कोल्टचं मान्य केलं. आणि कंपनीनं यानंतर काय केलं? हातानं फिरवायच्या सिलिंडरची रिव्हॉल्व्हर काढली. खटका दाबायचा, बोटानं सिलिंडर पुढे ढकलायचं, मग घोडा चढवायचा. १८५१ नंतरचं यंत्र आधीच्या यंत्रापेक्षा मागासलेलं!

ही कडी मला दोन रात्री झोपू देईना. नुसतं यंत्र बघून तुम्ही तारीख लावायला गेलात तर म्हणाल, हातानं फिरवायचं ते जुनं, दातेरी चाकांचं ते नवं. चूक. इथे यंत्राचा आकार कारागिराच्या डोक्यानं ठरला नाही, न्यायालयानं ठरवला. माझ्या साखळीत 'काय अडलं होतं' याचं उत्तर दरवेळी लोखंड, दारू किंवा अंगठा असं येत होतं. आता चौथं उत्तर आलं : पेटंट.

एक व्यावहारिक सूचना इथेच देऊन ठेवते. पेटंट वाचताना आपण नेमका कुठला मजकूर वाचतोय ते आधी तपासा. अमेरिकेचं पेटंट कार्यालय डिसेंबर १८३६ मध्ये जळालं. त्यामुळे कोल्टच्या फेब्रुवारीतल्या पेटंटला आज ९४३० एक्स असा, मागे एक्स लावलेला क्रमांक आहे. जळालेल्या पेटंटांना नंतर दिलेले ते क्रमांक. शिवाय १८४८ मध्ये कोल्टनं ते दुरुस्त करून पुन्हा काढून घेतलं, आणि मूळ चौदा वर्षं संपत आली तेव्हा १८५७ पर्यंत मुदतवाढही मिळवली. म्हणजे १८५१ च्या खटल्यात लढत होता तो १८३६ चा तरुण जसाच्या तसा नव्हे. बारा वर्षांच्या व्यवहारानं शहाणा झालेल्या माणसाच्या दुरुस्त शब्दांवर तो खटला उभा होता. मी हे न बघता १८४८ चे शब्द १८३६ च्या नावावर लिहिले होते. समितीत कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मला आजही लाज वाटते.

बोस्टनच्या त्या पराभवाची झळ लागलेल्यांत डॅनियल वेसन होता. ज्याच्या रचनेवरून वाद झाला त्या दिवंगत एडविनचा हा धाकटा भाऊ. पुढे त्यानं होरेस स्मिथबरोबर भागीदारी केली. स्मिथ अँड वेसन हे नाव तुम्ही सिनेमात ऐकलंय, तेच. त्यांना कोल्टची मुदत संपताच धातूच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर आणायचं होतं. आतापर्यंतचे कप्पे मागून बंद असत. दारू आणि गोळी समोरून ठासायची. काडतूस मागून सरकवायचं तर कप्पा आरपार भोकाचा हवा. शोधाशोध केली तेव्हा कळलं की अमेरिकेत नेमकं याचं पेटंट एप्रिल १८५५ मध्ये रोलिन व्हाइट यानं घेऊन ठेवलंय. व्हाइटची स्वतःची बंदूक भलतीच गुंतागुंतीची होती आणि व्यवहारात चालण्यातली नव्हती. पण त्या पेटंटात सिलिंडर आरपार असण्याचा मुद्दा होता. युरोपात लफोशोची काडतुसाची रिव्हॉल्व्हर बाजारात होती, फ्रेंच नौदलानं ती १८५८ मध्ये घेतलीदेखील. अमेरिकेत मात्र आरपार भोक व्हाइटचं.

नोव्हेंबर १८५६ मध्ये करार झाला : प्रत्येक नगामागे व्हाइटला पाव डॉलर, आणि पेटंट मोडणाऱ्यांविरुद्ध खटले लढायचे व्हाइटनं, आपल्या खर्चानं. ही शेवटची अट वाचताना मला वेसनच्या डोळ्यांसमोर बोस्टनचं न्यायालय दिसत असणार असं वाटतं. (दुसरा रकाना, माहीत आहे.) व्हाइटनं आधी हे पेटंट कोल्टला देऊ केलं आणि त्यानं हाकलून दिलं, ही गोष्टही सगळीकडे वाचाल, तिला कागदाचा आधार सापडलेला नाही.

परिणाम काय झाला बघा. १८६१ ते १८६५ चं अमेरिकेतलं यादवी युद्ध. दोन्हीकडचे बहुतेक स्वार तेव्हाही समोरून दारू-गोळी ठासून मागे टोप्या बसवत होते, कोल्ट असो की रेमिंग्टन. काडतुसाचं तंत्र माहीत होतं, युरोपातून लफोशो हजारोंनी मागवलीही गेली, पण अमेरिकन कारखानदारांचे हात बांधलेले. स्मिथ अँड वेसन स्वतः छोट्या गोळीची खिशातली रिव्हॉल्व्हर विकत होते. बाकीच्यांनी पळवाटा काढल्या, आणि त्या पळवाटा म्हणजे यंत्रांच्या इतिहासातली सगळ्यात विचित्र अवजारं आहेत. कुणी काडतूस समोरून भरायची बंदूक काढली. खुद्द कोल्टच्या कंपनीनं १८६८ मध्ये थ्यूअर या आपल्या माणसाचं पेटंट वापरून मागे निमुळतं होत जाणारं काडतूस आणलं, समोरून दाबून बसवायचं. एरवी बघितलं तर वाटेल, हे असं कुणी शहाणा माणूस का करेल? एप्रिल १८६९ मध्ये व्हाइटचं पेटंट संपलं आणि ही सगळी पिलावळ दोन-चार वर्षांत नाहीशी झाली.

व्हाइटला मुदतवाढ हवी होती. रॉयल्टीतला बराच पैसा खटल्यांत गेल्यामुळे तो थेट संसदेकडे गेला. त्याच्यासाठीचं विधेयक मंजूर होऊन राष्ट्राध्यक्ष ग्रँटकडे आलं आणि जानेवारी १८७० मध्ये ग्रँटनं ते परत पाठवलं. सोबत सैन्याच्या शस्त्रखात्याच्या प्रमुखाचं पत्र होतं : या पेटंटामुळे युद्धात सरकारची अडचण झाली. सही करणारा ग्रँट म्हणजे त्याच युद्धातला सेनापती.

१८७३ मध्ये कोल्टच्या कंपनीनं जे रिव्हॉल्व्हर सैन्याला दिलं त्यात सिलिंडर आरपार होतं, आणि चौकट वरून बंद, बावीस वर्षांपूर्वी अ‍ॅडम्सनं लंडनमध्ये दाखवली होती तशी मजबूत. घोडा मात्र अजून अंगठ्यानंच चढवायचा. कोल्टचं स्वतःचं दुहेरी चालीचं रिव्हॉल्व्हर यायला १८७७ उजाडलं.

दुसऱ्यांदा समितीसमोर गेले तेव्हा शीर्षकातून 'शोध' काढला होता. नवं शीर्षक लांबलचक आहे, 'पेटंट आणि यंत्ररचना : रिव्हॉल्व्हर, १८१८ ते १८७३'. तेच सर पुन्हा समोर होते. त्यांनी थ्यूअरच्या काडतुसाचं चित्र हातात घेतलं, बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे असं उलटं का?" यावेळी मला उत्तर यायला वेळ लागला नाही.